पालटाचं राज्य आणि टिटवी

एका राज्यात एक भलं मोठं तळं होतं आणि त्या तळ्याला एक दरवाजा होता. दरवाजा बंद ठेवला की पाणी काठाकाठानं चढायचं आणि काठच्या शेतांत भात पिकायचा. दरवाजा उघडला की पाणी खाली उतरायचं आणि खालच्या मळ्यांत ऊस उभा राहायचा. साधी गोष्ट होती हो. काही दिवस उघडा ठेवायचा, काही दिवस बंद ठेवायचा, शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण राज्य चालवायला शेंबडी पोरं नसतात, प्रधान असतात. तिथंच सगळं अडतं.

दरबारात राजाच्या दोन हातांना दोन ओळी बसत. उजव्या ओळीकडे काठची वतनं, डाव्या ओळीकडे खालची. उजवी ओळ म्हणायची, "साठवणे हाच राजधर्म." डावी ओळ म्हणायची, "वाहू देणे हाच राजधर्म." आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं बरं का. दोघांची स्तोत्रं वेगळी, झेंडे वेगळे, कपाळाचे टिळे वेगळे. साठवणवाल्यांच्या लग्नाला वाहतेवाले जात नसत, आणि वाहत्यांच्या घरी साठवणवाले पाणीसुद्धा पीत नसत.

आता या राज्यात एक चाल होती, तिला पालट म्हणत. राजाच्या पणजोबांनी ती घालून दिली होती. दर दसऱ्याला सोनं लुटून झालं की उजवी ओळ उठून डावीकडे बसायची आणि डावी उजवीकडे. ओळीबरोबर वतनंही बदलायची. पणजोबांचा हेतू मोठा चांगला होता. यंदा काठावर राहिलेला पुढच्या वर्षी खाली राहील, म्हणजे त्याला दुसऱ्याची तहान कळेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

कळली का? कर्म माझं. दसऱ्याच्या सकाळी "साठवणे" म्हणणारा मनुष्य संध्याकाळी "वाहू देणे" म्हणायला लागायचा. आवेश तोच, पाणावलेले डोळे तेच, टेबलावर, म्हणजे तेव्हा चौरंगावर, आपटलेली मूठ तीच. टिळा पुसायचा, दुसरा लावायचा. "अहो, सकाळी तर आपण उलट बोलत होता," असं कुणी म्हणालंच, तर समोरच्याला ताप भरला असावा अशा काळजीनं त्याच्याकडे बघायचा. पिढ्यानपिढ्या हे चाललं होतं आणि दरवाजाचा निर्णय काही होत नव्हता. तो कधी गंजून बंद राहायचा, कधी मोडून उघडा.

मध्ये गादीवर राजा भद्रसेन बसायचा. माणूस प्रेमळ, आवाज मऊ, आणि तोंडात एकच वाक्य: "सभा ठरवील."

तळ्याच्या खालच्या अंगाला भस्मांगद नावाचा मांत्रिक राहत होता. त्याच्या अंगणात सोनचाफ्याचं झाड होतं, बायकोनं मरण्याआधी लावलेलं. उन्हाळ्यात झाडाची पानं पिवळी पडली तेव्हा तो दरबारात आला.

"दरवाजा कधी उघडणार?"

"विषय चर्चेत आहे," उजव्या ओळीचे प्रधान धीरगुप्त म्हणाले.

झाडाची पानं गळाली तेव्हा तो परत आला. "चर्चा फलदायी होत आहे," डाव्या ओळीचे प्रधान विमलगुप्त म्हणाले. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात वाळलेलं खोड होतं. त्यानं ते राजापुढे ठेवलं. राजा म्हणाला, "सभा ठरवील."

मांत्रिकानं डोळे मिटले आणि उघडले. "राजा, तुझी माणसं तत्त्वासाठी भांडतात की पोटासाठी, हे तुला ठाऊक नाही, आणि त्यांनाही नाही. ज्या राज्याला आपले पाय कशावर आहेत ते कळत नाही, त्याच्या राजाला पाय कशाला हवेत? तू पायापासून दगड होत जाशील. या दरबारातल्या एकानं जरी भर सभेत सांगितलं की मी तत्त्वाचं नाव घेतलं आणि माझी सोय पाहिली, आणि ते खरं असलं, तर शाप सुटेल. गळ्यापर्यंत दगड चढला तर मात्र सुटणार नाही." एवढं बोलून तो गेला, आणि राजाचे अंगठे काळ्या पाषाणाचे झाले.

सभा तातडीनं बसली. विषय काय होता, ऐका. राजाला दगड चढतोय तो फार साठवल्यामुळे की फार वाहू दिल्यामुळे? जेवणाची सुट्टी होईपर्यंत दगड घोट्यावर आला होता.

राजाला एक धाकटी बहीण होती, शाल्मली. आईबाप लवकर गेले, तेव्हा भद्रसेनानंच तिला वाढवलं. राजाला मूलबाळ नव्हतं, म्हणून त्याच्या मागं गादी तिचीच होती. शाल्मलीला दादावाचून जग नव्हतं. ती रोज सकाळी येऊन त्याला आपल्या हातानं पेज भरवायची, आणि दगड जिथं कातडीला लागत होता तिथं कोमट तेल लावायची, कारण तिथं फार ठणकायचं. तिनं मनाशी म्हटलं, दरबारात एक खोटारडा शोधून काढायचा, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे?

बिचारी.

ती खाऱ्या सरोवरातल्या बेटावर गेली. तिथं एक टिटवी राहत होती. कुणी खोटं बोललं की ती ओरडायची आणि खरं बोललं की गप्प बसायची.

"टिटवीबाई, माझ्याबरोबर दरबारात चला."

"मला बघितलं की लोक धोंडा उचलतात. अपशकुनी म्हणतात."

"मी तुमच्या पाठीशी उभी राहीन."

टिटवीनं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. उडून तिच्या खांद्यावर बसली. वाड्यात शिरताना मुदपाकखान्याचा कारभारी म्हणाला, "ताईसाहेब, तुपात आम्ही काही मिसळत नाही," तेव्हा टिटवीनं असा काही आवाज काढला की त्याच्या हातून कढई सुटली. म्हणजे पक्षी ठणठणीत होता.

भर दरबारात टिटवीला खांबावर बसवलं. धीरगुप्त पुढे आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझं वतन काठावर आहे हा निव्वळ योगायोग आहे. ते नसतं तरी मी साठवणेच म्हणालो असतो." शाल्मलीनं टिटवीकडे पाहिलं. टिटवी गप्प. मग विमलगुप्त आले. "मला उसाचा मोह नाही. पाणी वाहावं असं माझं अंतःकरण मला सांगतं." टिटवी गप्प. एकेक करून दोन्ही ओळी पुढे आल्या, बोलल्या, आणि जाऊन बसल्या. टिटवीनं पंखसुद्धा हलवला नाही.

शाल्मलीनं तिला बाजूला घेतलं. "झोपलीस की काय तू?"

"मी जागी आहे. ते मनापासून बोलतायत. त्याला मी काय करू?"

शाल्मलीनं कपाळाला हात लावला. तोवर दगड गुडघ्याच्या वर आला होता.

मग ती यक्षाच्या विहिरीवर गेली. त्या विहिरीच्या तळाशी एक आरसा होता. त्यात माणसाला आजचा चेहरा दिसत नाही, पूर्वीचा दिसतो, आणि तो बोलतोसुद्धा. यक्ष पाण्यावर मांडी घालून बसला होता.

"आरसा हवा? मोल द्यावं लागेल."

"मागा."

"माझे भाऊ माझ्याशी कसे वागले ते ऐकून घे."

यक्षाला भाऊ पुष्कळ होते आणि सगळेच वाईट वागले होते. शाल्मलीनं सगळं ऐकलं, मध्ये मध्ये "अगं बाई" म्हटलं, आणि आरसा घेऊन घरी आली.

दरबारात आरसा मांडला. धीरगुप्तांनी त्यात पाहिलं. आत मागच्या वर्षीचे धीरगुप्त बसले होते, कपाळावर वाहत्यांचा टिळा लावून, आणि गरजत होते, "साठवणारे हे राज्याचे शत्रू आहेत." बाहेरच्या धीरगुप्तांचा चेहरा लाल झाला. "हा कोण भामटा? याला माझे कपडे कुणी दिले?"

शाल्मली टिटवीकडे वळली. टिटवी गप्प. बाईनं आता करावं तरी काय, सांगा. त्या माणसाला खरोखरच स्वतःची ओळख पटत नव्हती.

विमलगुप्तांना आरशात साठवणवाले विमलगुप्त दिसले. ते तर रडले. "किती स्वार्थी गृहस्थ आहे हा. भातासाठी खालच्या लेकरांना तहानेनं मारायला निघालाय." टिटवी गप्प. शेवटी त्या आरशातल्या माणसांचा निषेध करणारा ठराव मांडला गेला आणि तो दोन्ही ओळींनी एकमतानं मंजूर केला. त्या दरबारात एकमत झालेलं ते पहिलंच. टाळ्या वाजल्या. राजाच्या कमरेपर्यंत पाषाण झाला होता, त्यालाही हात होते म्हणून त्यानं वाजवल्या.

आता मात्र शाल्मलीनं हात टेकले. तिसऱ्या खेपेला ती सरळ भस्मांगदाच्या दारात गेली. तो रिकाम्या आळ्याशी बसला होता.

"महाराज, शाप मागे घ्या. दरबारात खोटारडा नाहीच. ते सगळे खरं मानतात ते."

"मी हेच सांगत होतो," मांत्रिक म्हणाला. "खोटारडा परवडला. खरं झाकायचं तर आधी ते ठाऊक असावं लागतं. यांना सोयीचं असतं ते आणि पटतं ते यांत फट दिसतच नाही. जे सोयीचं ते पटतं, आणि पटलं की डोळ्यांत पाणी. अशा माणसाला तू आरसा दाखव नाहीतर डोंगर दाखव."

"मग मी काय करू?"

"एक खोटारडा शोध. एकच शोध. तुझ्या राज्याला आता त्याचाच आधार आहे."

ती परत आली तेव्हा दगड छातीवर चढला होता. राजाचा श्वास घरघरत होता आणि हात मांडीवर कायमचे टेकले होते. शाल्मलीनं दोन्ही ओळींपुढे पदर पसरला. "कुणीतरी कबूल करा. एका वाक्यात माझा भाऊ वाचतो."

आता हे लोक दुष्ट नव्हते, हीच तर पंचाईत. धीरगुप्त गहिवरले. "महाराजांसाठी मी कोणताही कलंक घेईन. लिहून घ्या, मी स्वार्थापायी बोललो." टिटवी अशी किंचाळली की छताची धूळ पडली. कारण त्यांना तसं मुळीच वाटत नव्हतं. विमलगुप्तांनीही करून पाहिलं, त्यांच्यामागून आणखी कितीजणांनी. टिटवीचा घसा बसायची वेळ आली. असा त्याग कधी कुणी पाहिला नसेल, आणि त्याचा उपयोग शून्य.

दगड गळपट्टीच्या हाडाला लागला. दोन्ही प्रधान एकमेकांशी कुजबुजले आणि शाल्मलीपुढे आले.

"ताईसाहेब," धीरगुप्त म्हणाले, "आता मन घट्ट करा. गादी रिती ठेवता येत नाही. जे आहे ते राखावं, हेच आमचं तत्त्व. आपण बसावं."

"गादी वाहती राहावी, हेच आमचं तत्त्व," विमलगुप्त म्हणाले. "आपणच बसावं."

शाल्मलीनं डोळे पुसले. दादाकडे पाहिलं. खाली मान घालून म्हणाली, "मला गादी नको."

टिटवी ओरडली.

सगळा दरबार खांबाकडे बघायला लागला. टिटवी शाल्मलीकडे बघत होती. राजा मान वळवू शकत नव्हता, पण त्याचे कान अजून मांसाचे होते.

त्या राज्यात एक कायदा होता आणि तो पोराटोरांनाही पाठ होता. जिवंत राजाच्या गादीची इच्छा धरील, त्याचा गादीवरचा हक्क कायमचा जाईल. धीरगुप्तांना दया आली. ते हलकेच म्हणाले, "पक्षी थकलाय, ताईसाहेब. सकाळपासून ओरडतोय."

"पक्षी मुळातच अपशकुनी," विमलगुप्त म्हणाले. "सभा ते कामकाजातून काढून टाकील."

किती सोपं होतं ते. शाल्मलीनं नुसती मान हलवायची होती. आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण ते आत सुरूही झालं होतं. तिला आतून वाटायला लागलं होतं की खरंच पक्षी थकला असेल. मला कुठे हवीय गादी? मी तर भावासाठी वणवण फिरले. हे असंच आणखी थोडा वेळ चालू दिलं, तर संध्याकाळपर्यंत ते तिला खरंच वाटलं असतं, आणि मग जन्मभर टिटवी तिच्यापुढे गप्प बसली असती. तिनं दोन्ही ओळींकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला त्या माणसांचं कोडं उरलं नाही.

ती पुढे झाली आणि दादाच्या समोर, त्याला दिसेल अशी उभी राहिली.

"मला गादी हवी आहे," ती म्हणाली. टिटवी गप्प.

"मी राणी असते तर दरवाजाचा निकाल पहिल्याच दिवशी लावला असता, म्हणून मला ती हवी, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं आहे. पण तेवढंच नाही. मी आले की सगळ्यांनी उठून उभं राहावं, हे मला हवं आहे. दादा, तुझ्या छातीला दगड लागला त्या दिवशी मी ओक्साबोक्शी रडले, आणि रडता रडता राज्याभिषेकाला कोणता शालू नेसायचा तेही ठरवलं. मोरपंखी." तिनं दोन्ही ओळींकडे हात केला. "आणि आत्ता मी नको म्हणाले, ते तुझ्या प्रेमानं म्हणाले नाही. नको म्हणणाऱ्यालाच हे लोक आग्रह करतात, ते मला माहीत आहे, म्हणून म्हणाले. बोलले प्रेमाचं आणि पाहिली माझी सोय."

टिटवी गप्प.

मग राजाच्या गळ्याशी एक तडा गेला. तडा छातीवरून खाली उतरला, आणि पाषाण खपल्याखपल्यांनी गळून पडायला लागला. आधी खांदे सुटले, मग हात, मग कंबर, आणि शेवटी पायाचे अंगठे. राजा भद्रसेन उठला, लटपटला, आणि त्यानं बहिणीच्या खांद्याचा आधार घेतला.

धीरगुप्त खाकरले. "महाराज, आनंदाचा प्रसंग आहे, परंतु कायदा..."

"कायदा आहे," शाल्मली म्हणाली. "माझा हक्क गेला."

"गेला," राजा म्हणाला, आणि त्याला ते म्हणताना फार जड गेलं. मग तो दरबाराकडे वळला. "आता माझंही ऐका. सभा ठरवील, असं मी न्यायासाठी म्हणत नव्हतो. तुम्ही एकमेकांशी भांडत होता तोवर माझ्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. मला ते बरं पडत होतं." टिटवी गप्प. "यापुढे पालट असा होईल. दरवाजा कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, ते दसऱ्याच्या आधी ठरेल. कोणती ओळ काठावर आणि कोणती खाली, ते त्यानंतर देवापुढे चिठ्ठी टाकून ठरेल. आधी नाही."

आपल्याला कोणतं वतन येणार हे कुणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर काय झालं असेल? पिढ्यानपिढ्यांचा वाद दुपारच्या चहाआधी, म्हणजे तेव्हाच्या पन्ह्याआधी, मिटला. काही दिवस उघडा, काही दिवस बंद, आणि टंचाईत दोघांना अर्धं अर्धं. पाणी खाली उतरलं. भस्मांगदानं आळ्यात नवं रोप लावलं.

आणि प्रधान? त्यांना काय व्हायचंय? धीरगुप्त सभेत उभे राहून म्हणाले, "आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो." विमलगुप्त म्हणाले, "आमच्या पूर्वजांचंही हेच मत होतं." टिळे पुसले गेले, नवा एकच टिळा निघाला, त्याचं स्तोत्रही झालं. टिटवीनं एकेकाकडे बघितलं, लांब सुस्कारा टाकला, आणि गप्प बसली.

संध्याकाळी शाल्मली दादाच्या महालात गेली. दारातच थांबली. "आत येऊ की नको?"

"ये. मला ठाऊक होतं," राजा म्हणाला.

"काय?"

"तुला गादी हवी आहे ते. माणूस पायापासून दगड व्हायला लागला की त्याला बघत बसण्याशिवाय काम नसतं. तुझे डोळे कुठं जातात ते मला दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस? बोलला असतास तर दगड कमरेवर चढलासुद्धा नसता."

"बोललो असतो तर तू लाजेनं यायची थांबली असतीस," तो म्हणाला. "आणि मला तू रोज यायला हवी होतीस."

शाल्मली त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या पायांना कोमट तेल लावायला लागली. पुढे गादी चुलत घराण्यात गेली, दरवाजा वेळेवर उघडला, वेळेवर मिटला, आणि भात पिकला, ऊसही पिकला. शाप सुटला, राज्य मार्गी लागलं, सांगणाऱ्याचा घसा सुकला, ऐकणाऱ्याचं भलं होवो.